ससूनांची पेढी आणि धर्मादाय खातें

किराणा मालाच्या दुकानाची जुनी वही ज्यांनीं चाळली असेल त्यांस तींतील एक खातें ओळखीचें असेल. गूळ, तेल, मीठ, डाळी यांचे जमाखर्च पानोपानीं चाललेले असतात. आडत, हमाली, तोलाई यांच्या नोंदी असतात. आणि त्यांच्याच शेजारीं, त्याच शाईनें लिहिलेलें, ‘धर्मादाय’ असें एक खातें असतें. मालाच्या किंमतीवर पै-दोन पै अधिक घ्यावयाचे आणि ते नफ्यांत न मिसळतां वेगळे ठेवावयाचे, अशी ही बाजारपेठेची जुनी रीत. त्या पैशांतून उन्हाळ्यांत पाणपोई चाले, धर्मशाळेचें छप्पर दुरुस्त होई, गोशाळेला चारा मिळे. कोरपन्यासारख्या रानाच्या कडेला असलेल्या गांवाचा दुकानदार ज्या मोठ्या पेठेंतून माल भरी, त्या पेठेच्या बिलांत धर्मादायाचा आंकडा असला म्हणजे तो अखेर त्याच्या दुकानीं मीठ-मिरची घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कनवटीवरच पडे.

ही रीत दिसावयास लहान आहे. परंतु तिच्या पोटीं एक अवघड प्रश्न दडलेला आहे. धर्मादायाच्या पैशांतून विहीर बांधली गेली, विहिरीवर शिळा बसली आणि शिळेवर नांव आलें तें शेटजींचें. पैसा मात्र थोडाथोडा करून अनेकांच्या घरून आलेला. मग दाता कोणास म्हणावयाचें? ज्यानें हिशेब चोख ठेवून पैसा सत्कार्याला लावला त्यास, कीं ज्यांच्या हातून तो नकळत निघाला त्यांस? लहान गांवांत हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. मोठ्या शहरांत मोठ्या इमारती उभ्या राहतात आणि तेथें तो टाळतां येत नाहीं. मुंबई आणि पुणें या दोन शहरांत ज्यांच्या दानाच्या खुणा दीडशें वर्षांहून अधिक काळ टिकून आहेत, त्या ससून नांवाच्या यहुदी घराण्याची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

या घराण्याचे मूळ पुरुष डेव्हिड ससून यांचा जन्म इ. स. १७९२ मध्यें बगदाद येथें झाला. त्यांचे वडील तेथील पाशाच्या पदरीं मुख्य सराफ होते आणि बगदादच्या यहुदी समाजाचे पुढारीहि होते. आपल्या भाषेंतील ‘सराफ’ हा शब्द मूळचा त्याच अरबी मुलुखांतला. पुढें दाऊद पाशाच्या अमदानींत यहुदी धनिकांवर जुलूम होऊं लागला आणि डेव्हिड यांना जन्मभूमि सोडावी लागली. इराणी आखातावरील बुशहर बंदरांत कांहीं काळ काढून इ. स. १८३२ च्या सुमारास ते बायकामुलांसह मुंबईस आले. त्या वेळीं त्यांनीं वयाची चाळिशी गांठली होती. वडिलार्जित मानमरातब मागें राहिला होता. बरोबर आली होती ती व्यापाराची जाण, अनेक भाषांचा परिचय आणि आखातांतील व्यापाऱ्यांच्या ओळखी.

मुंबई तेव्हां वाढत्या वयांत होती. हिंदुस्थानच्या व्यापारावरील ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता १८१३ सालीं संपला होता. चीनच्या व्यापारावरील मक्ता १८३३ सालीं संपला. इराणी आखातांतून खजूर, सुका मेवा, मोतीं आणि घोडे मुंबईस येत. मुंबईहून विलायती कापड तिकडे जाई. डेव्हिड ससून यांनीं या दोन बाजारांमध्यें आपली पेढी घातली. त्यांना इंग्रजी बोलतां येत नव्हतें. १८५३ सालीं त्यांस ब्रिटिश प्रजाजनाचे हक्क मिळाले तेव्हांहि त्यांनीं सही केली ती हिब्रू अक्षरांत. पोषाख शेवटपर्यंत बगदादी राहिला. पेढीचा पत्रव्यवहार अरबी बोलींत पण हिब्रू लिपींत चाले. त्यामुळें तो परक्याच्या हातीं पडला तरी त्यास उमगत नसे. शनिवारीं कितीहि मोठा सौदा समोर असो, पेढीचें दार बंद.

त्यांना आठ मुलगे होते, आणि या आठांतच पेढीचें खरें भांडवल होतें. एकेक मुलगा वयांत येतांच त्यास परदेशीं धाडावयाचें, त्यानें तेथील भाव, जहाजें, माणसें यांची खबर घरीं कळवावयाची, मग त्यास परत बोलावून दुसऱ्यास पाठवावयाचें, असा क्रम त्यांनीं ठेवला. दुसरे चिरंजीव इलायस हे १८४४ सालीं चीनला गेले. पुढें हाँगकाँग, शांघाय आणि लंडन येथें पेढीच्या शाखा निघाल्या. दूरच्या गुमास्त्यावर विसंबणारे व्यापारी ज्या वेळीं अंदाजानें सौदे करीत होते, त्या वेळीं ससूनांना घरच्या माणसाच्या हातचें पत्र येत होतें. त्यांच्या भरभराटीचें हें एक मोठें कारण होय.

या पेढीच्या जमाखर्चांतहि धर्मादाय होता. यहुदी धर्मांत दानाला ‘त्झदाका’ म्हणतात; त्या शब्दाचा मूळ अर्थ न्याय असा आहे. देणारा उपकार करीत नाहीं, तो घेणाऱ्याचा वांटा त्याला पोंचता करतो, अशी त्यामागील समजूत. ससूनांच्या पेढीनें ही समजूत थेट हिशेबांत घातली: व्यवहारावर शेकडा पाव टक्का धर्मादायासाठीं निराळा काढावयाचा. शंभर रुपयांवर चार आणे ही रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु लाखाच्या उलाढालीवर ती अडीचशें रुपये होते, आणि त्या पेढीची उलाढाल लाखांत मोजून संपणारी नव्हती. शिवाय नफा होवो वा न होवो, व्यवहार झाला कीं धर्मादाय निघालाच. मन द्रवलें म्हणून दिलें आणि आटलें म्हणून थांबविलें, असा प्रकार राहिला नाहीं. दान ही लहर न राहतां वहिवाट झाली. मुंबईच्या पेढीची ही पद्धत आणि आपल्या पेठेंतील किराणा दुकानदाराची पद्धत यांत जात एकच आहे. फरक आहे तो आंकड्यांचा.

आतां या खात्यांतून आणि घराण्याच्या खाजगी संपत्तींतून काय उभें राहिलें तें पाहूं. १८५७ सालीं मुंबईंत बालगुन्हेगारांसाठीं आणि भटक्या मुलांसाठीं एक सुधारशाळा निघाली, तिला डेव्हिड ससून यांचें नांव आहे. त्या काळीं चोरी करतांना सांपडलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरास मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगांत डांबीत. त्याला कोठडीऐवजीं एखादें हातचें कसब शिकवावें, ही कल्पना त्या वेळीं नवी होती. ही संस्था पुढें माहीमच्या बाजूस गेली आणि तेथें तिचें नांव आजहि चालत आहे.

पुण्यास ससून रुग्णालयाचा पाया १८६३ सालीं घातला गेला आणि इमारत १८६७ सालीं पुरी झाली. त्याच सुमारास पुण्यांत निराधार, अपंग आणि वृद्ध माणसांसाठीं एक आश्रयस्थान निघालें. ‘निवारा’ या सार्थ नांवानें तें आज पुणेकरांस परिचित आहे. लष्कर भागांतील लाल विटांचें उंच मनोऱ्याचें प्रार्थनामंदिर, ज्यास पुण्याच्या लोकांनीं ‘लाल देऊळ’ असें आपलें नांव देऊन टाकलें, तेंहि याच वर्षांतलें. मुंबईंत भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयासमोर घड्याळाचा मनोरा उभा राहिला तो १८६५ सालीं. टांकसाळींतील आणि सरकारी गोदींतील कारागीर तरुणांनीं १८४७ सालीं एक वाचनसंस्था काढली होती. तिला स्वतःची वास्तु नव्हती. ससूनांनीं त्यासाठीं साठ हजार रुपये दिले, बाकीची रक्कम सरकारनें घातली, आणि १८७० सालीं पिवळ्या मालाड दगडाची ती देखणी इमारत पुरी झाली. आज तीच डेव्हिड ससून ग्रंथालय म्हणून प्रसिद्ध आहे.

डेव्हिड ससून ७ नोव्हेंबर १८६४ रोजीं पुण्यास वारले. लाल देवळाच्या आवारांतच त्यांची समाधि आहे. वर सांगितलेल्या वास्तूंच्या तारखा पुन्हां एकदां ध्यानांत आणल्या तर असें दिसेल कीं रुग्णालय, प्रार्थनामंदिर आणि ग्रंथालय यांपैकीं एकाचेंहि काम पुरें झालेलें त्यांनीं पाहिलें नाहीं. वडिलांनीं बोललेला शब्द मुलांनीं पुरा केला. दानाच्या बाबतींत हें वाटतें तितकें सोपें नसतें. बापाच्या माघारीं धर्मादायाचें खातें मिटविणारे चिरंजीव कोणत्याहि गांवांत आढळतात.

थोरले चिरंजीव अब्दुल्ला हे पुढें अल्बर्ट ससून या नांवानें प्रसिद्ध झाले. त्यांनीं एल्फिन्स्टन हायस्कूलच्या इमारतीस मोठी देणगी दिली. कुलाब्याची ससून गोदी १८७५ सालीं बांधून झाली, तीहि त्यांचीच. ती दानाची नसून व्यापाराची वास्तु होती. समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर अशी गोदी एका खाजगी व्यापाऱ्यानें बांधावी याचें तेव्हां मोठें नवल वाटलें. १८७९ सालीं सरकारनें ती विकत घेतली. जेथें कापसाचे गठ्ठे चढत-उतरत, तेथें आज पहांटे मासळीचा बाजार भरतो आणि कोळणींच्या आवाजानें धक्का दुमदुमून जातो. त्याच १८७९ सालीं अल्बर्ट यांनीं युवराज एडवर्ड यांचा काळ्या ब्राँझचा अश्वारूढ पुतळा मुंबईस अर्पण केला. पुतळा १९६५ सालीं भायखळ्यास हलविला गेला, पण ‘काळा घोडा’ हें ठिकाणाचें नांव मात्र जेथल्या तेथें राहिलें.

चोपडीची ही खर्चाची बाजू झाली, आणि ती निःसंशय उज्ज्वल आहे. परंतु चोपडीला जमेचीहि बाजू असते. येथपर्यंत ऐकणाऱ्या सुज्ञ श्रोत्याच्या मनांत प्रश्न आला असेल कीं हा एवढा पैसा आला कोठून?

त्याचा एक ओघ कापसाचा. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. हिंदी कापसाचे भाव आकाशाला भिडले. वऱ्हाड आणि वर्धेचें खोरें यांतला कापूस मुंबईकडे धांवूं लागला. नागपूरपर्यंत आगगाडी पोंचली ती १८६७ सालीं; तोंवर हा माल बैलगाड्यांवर लादून दूरच्या स्टेशनापर्यंत न्यावा लागे. हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या कापसाचें नांव तर विलायतेपर्यंत गेलेलें. वणी-राजुरा-कोरपन्याच्या काळ्या जमिनींत आजहि कापूस पिकतो, आणि तो पिकविणाऱ्याला आपलें बोंड शेवटीं कोणाच्या गोदामांत जातें हें क्वचितच ठाऊक असतें. १८६५ सालीं अमेरिकेंतील युद्ध थांबलें आणि भाव कोसळले. मुंबईच्या कित्येक पेढ्या आणि बँका एका हंगामांत बुडाल्या. ससूनांनीं त्या सट्ट्यांत फारसें अंग टाकलें नव्हतें, म्हणून ते तरले. कापसाच्या धंद्यांत नफा झाला यांत दोष नाहीं. पण तेजींत कर्ज काढून बैल घेतलेला आणि मंदींत बैलासह शेत घालविलेला कुणबी कोणत्याहि शिळेवर दिसत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे.

दुसरा ओघ याहून काळा होता. तो अफूचा. माळव्यांत पिकलेली अफू मुंबई बंदरांतून चीनला जाई. चीनच्या बादशहानें तिला मनाई केली होती. त्यावरून १८३९ सालीं इंग्रजांनीं युद्ध केलें आणि १८४२ च्या तहानें चीनचीं बंदरें उघडून घेतलीं. १८५६ सालीं दुसरें युद्ध झालें आणि त्यानंतर अफूचा व्यापार तेथें कायदेशीर झाला. ससूनांनीं या व्यापारांत हळूहळू इतरांना मागें टाकलें. १८७० नंतर हिंदुस्थानांतून चीनला जाणाऱ्या अफूचा फार मोठा भाग त्यांच्या हातांतून जात होता. चीन सरकारनें १९०६ सालीं व्यसन उखडून काढण्याचा हुकूम काढला आणि १९०७ सालीं निर्यात वर्षावर्षानें घटविण्याचा करार झाला, तोंवर त्यांच्या पेढ्या त्या धंद्यांत होत्या.

येथें दोन सोप्या वाटा आहेत, आणि दोन्ही टाळल्या पाहिजेत. एक वाट म्हणते, त्या काळीं तो व्यापार कायदेशीर होता, सरकार स्वतः त्यावर कर घेत होतें, इतरहि पुष्कळ प्रतिष्ठित व्यापारी तोच धंदा करीत होते. तेव्हां एकट्या ससूनांना बोल कां लावावा? यांतली माहिती खरी आहे. ज्यांच्या दानांतून १८४५ सालीं मुंबईचें मोठें इस्पितळ उघडलें, त्या सर जमशेटजी जीजीभाई यांची संपत्तिहि बऱ्याच अंशीं चीनच्या व्यापारांतूनच आलेली होती, आणि त्यांत अफू होतीच. परंतु पुष्कळांनीं केलें म्हणून कृत्याचा रंग पालटत नाहीं. शांघायच्या अफूच्या अड्ड्यांत ज्यांचीं घरें धुळीस मिळालीं त्यांना पुण्याच्या रुग्णालयांतील एकहि खाट उपयोगी पडली नाहीं.

दुसरी वाट म्हणते, पैसा असा मिळविलेला, तेव्हां दान तें ढोंग. शिळा फोडून टाका, नांवें पुसून टाका. हीहि वाट फसवी आहे. नांव पुसल्यानें चिनी व्यसनी माणसाचें घर परत उभें राहत नाहीं. उलट पुढल्या पिढीला तो प्रश्नच पडेनासा होतो. नांव राहूं द्यावें आणि त्या नांवाची संपूर्ण हकीकत सांगावी, हेंच अधिक प्रामाणिकपणाचें. जमा आणि खर्च या दोन बाजू एकमेकींना पुसून टाकीत नाहींत. चोपडींत त्या समोरासमोर तशाच राहतात.

या घराण्याच्या औदार्याला दुसरीहि एक मर्यादा होती, आणि ती आपल्या मराठी मुलुखाशीं निगडित आहे. ससून येण्यापूर्वीं कित्येक शतकें कोंकणांत यहुदी राहत होते. ते बेने इस्रायल. अलिबागेजवळ नौगांवाच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचें तारूं फुटलें, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनीं तेलाचे घाणे घातले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशीं त्यांचीं आडनांवें, मराठी ही त्यांची घरची भाषा. गांवाला तेल पुरविणाऱ्या या साध्या माणसांना मुंबईचे कांहीं बगदादी यहुदी आपल्या बरोबरीचे मानीत नसत. १८३६ सालीं मुंबईच्या यहुदी कबरस्तानांत दोन समाजांमध्यें भिंत घालून मिळावी असा अर्ज बगदाद्यांच्या वतीनें सरकारकडे गेला होता. ज्याच्या रुग्णालयाचें दार सर्वांस उघडें, त्याच्याच मंडळींना मेलेल्या धर्मबांधवाशेजारची माती नकोशी वाटावी, ही विसंगति आपल्या समाजांत कोणास अपरिचित आहे असें नाहीं.

बेने इस्रायलांनीं मात्र हात जोडून वाट पाहिली नाहीं. हाईम सॅम्युएल केहिमकर या गृहस्थांनीं १८७५ सालीं मुंबईंत आपल्या समाजाच्या मुलांसाठीं शाळा काढली. मागें मोठी पेढी नव्हती. वर्गणी, चिकाटी आणि घरोघर फिरणें हेंच भांडवल. पुढें या शाळेला सर एली कदूरी यांची देणगी मिळाली आणि माझगांवची ती शाळा त्यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. हे कदूरीहि बगदादचेच, आणि तरुणपणीं ससूनांच्याच चीनमधील पेढींत नोकरीस लागलेले! जी भिंत एका पिढीनें मागितली, ती दुसऱ्या पिढींत थोडी तरी खालीं आली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ससून घराण्यांतील एका स्त्रीचा उल्लेख येथें केलाच पाहिजे. डेव्हिड यांचे चिरंजीव सॉलोमन हे १८९४ सालीं वारले, तेव्हां त्यांच्या पत्नी फ्लोरा यांनीं मुंबईच्या पेढीचा कारभार स्वतः हातीं घेतला. त्या काळीं कोणत्याहि मोठ्या पेढीवर स्त्री बसलेली पाहावयास मिळत नव्हती. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. डॉ. हाफकीन यांनीं लस तयार करून १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली; तरी लोकांची भीति जाईना. फ्लोरा ससून यांनीं ती लस उघडपणें टोंचून घेतली आणि इतरांना धीर दिला. या दानांत पैशाचा प्रश्नच नव्हता. स्वतःचा दंड पुढें करणें हें मोठ्या रकमेच्या हुंडीपेक्षां कोणत्याहि प्रकारें कमी प्रतीचें म्हणतां येणार नाहीं.

पुढें काळ पालटला. इलायस यांनीं १८६७ सालीं स्वतंत्र पेढी काढली होती. तिनें मुंबईंत कापडाच्या मोठमोठ्या गिरण्या चालविल्या. त्यांचे चिरंजीव सर जेकब ससून यांनीं फोर्टमधील प्रार्थनामंदिर १८८४ सालीं बांधलें, पुण्याच्या रुग्णालयाच्या वाढीस मदत केली, आणि मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या उभारणींत इतर समाजांच्या दात्यांच्या बरोबरीनें आपला वांटा दिला. परंतु घराण्याच्या पुढच्या पिढ्यांचें मन विलायतेंत रमलें. गिरण्या १९४३ सालीं विकल्या गेल्या आणि इंडिया युनायटेड या नांवानें चालूं लागल्या. कालांतरानें त्या सरकारी महामंडळाकडे गेल्या. त्याच समूहांतील दादरच्या समुद्रकांठची जागा, जी लोक इंदू मिल म्हणून ओळखतात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठीं देण्यांत आली. स्वातंत्र्यानंतर मुंबईचे बहुतेक बगदादी यहुदी इंग्लंड, इस्रायल, ऑस्ट्रेलिया इकडे निघून गेले.

पेढी गेली, पण दवाखाना, वाचनालय, शाळा राहिल्या. भायखळ्याच्या प्रार्थनामंदिराशेजारीं यहुदी मुलांसाठीं निघालेल्या सर जेकब ससून शाळेंत पुढें यहुदी मुलें उरलीं नाहींत. तेथें मुख्यतः मुसलमान वस्तींतील मुलें शिकूं लागलीं. शाळा बंद पडली नाहीं, दारावरचें नांव बदललें नाहीं. ज्यांच्यासाठीं दिवा लावला ते उठून गेले, तरी तो विझविला नाहीं. जे आले त्यांना तो उपयोगी पडला. ग्रंथालयाच्या लांब आरामखुर्च्यांवर वकिलीचे विद्यार्थी आणि पेन्शनर गृहस्थ शेजारीं बसून वाचतात. ससून रुग्णालयाला १९४६ सालीं वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली, आणि आसपासच्या जिल्ह्यांतील गरिबांचें तें आज मोठें आधारस्थान आहे.

याच रुग्णालयांत १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं येरवड्याचा एक कैदी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठीं आणला गेला होता. शस्त्रक्रिया चालू असतांना वादळानें वीज गेली आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडॉक हे इंग्रज होते. रोगी होते महात्मा गांधी. बगदादहून परागंदा झालेल्या एका यहुद्याच्या नांवाच्या इमारतींत, इंग्रज डॉक्टरच्या हातून, इंग्रज सरकारच्याच कैद्याचे प्राण वांचले. दार खरोखर सर्वांस उघडें ठेवलें म्हणजे त्यांतून कोण आंत येईल हें दात्यास सांगतां येत नाहीं.

आतां दाता कोण, या प्रश्नाकडे वळण्यास हरकत नाहीं. आज ससून रुग्णालयाचा खर्च कोणतीहि पेढी देत नाहीं. तो सरकारी तिजोरींतून होतो, आणि तिजोरी भरते ती लोकांनीं दिलेल्या करांतून. काड्यांची पेटी घेणारा मजूर आणि साबणाची वडी घेणारी गृहिणी यांच्याहि पदरचा कांहीं अंश तींत असतो. जुन्या धर्मादायाप्रमाणेंच हाहि पैसा न कळत जातो. तेव्हां त्या रुग्णालयांत खाट मिळालेला खेड्यांतला माणूस कोणाच्या उपकारावर तेथें पडलेला नसतो. तो आपल्या वांट्यावर पडलेला असतो. दान म्हणजे न्याय, ही यहुदी धर्मशास्त्राची समजूत येथें अक्षरशः खरी ठरते.

मग डेव्हिड ससून यांचें श्रेय कोणतें? तें हें कीं, अनेकांच्या कनवटीचा पैसा एकत्र झाल्यावर त्यांतला कांहीं भाग परत अनेकांकडे गेला पाहिजे, हें त्यांनीं हिशेबांत लिहून ठेवलें आणि मुलांनाहि पाळावयास लावलें. त्यांच्या नांवावरचा डाग हा कीं, परत गेला तो बहुतेक मुंबई-पुण्याकडे. ज्या चिनी घरांतून त्याचा मोठा भाग आला त्यांच्या वांट्यास कांहीं आलें नाहीं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाविषयीं एकाच वेळीं खऱ्या आहेत.

ही कसोटी लहान दुकानासहि लागू आहे आणि मोठ्या कारखान्यासहि. ज्या कोरपना तालुक्याचें नांव आरंभीं आलें तेथें आज चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत. अशा ठिकाणीं उद्यां कोणी दवाखाना बांधला, शाळा बांधली, तर ती बांधणाऱ्यांचे आभार अवश्य मानावेत. पण शिळेवरचें नांव वाचून परतूं नये. हा पैसा ज्यांच्या जमिनींतून आणि श्रमांतून निघाला त्यांच्याकडे त्यांतला किती परत आला, आणि या दारांतून त्यांचीं मुलें आंत जातात कीं नाहीं, हे दोन प्रश्न प्रत्येक नागरिकानें विचारावेत. विचारण्याचा त्याला अधिकार आहे, कारण धर्मादायाची पै त्याच्याहि पदरची आहे.